भाकरी सौर कुकरमध्ये होत नाही, हे खरेच

सप्रेम नमस्कार,

सौर कुकरवरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की हा गच्ची आणि सवड असलेल्यांचा छंद आहे, त्यात भाकरी होत नाही, पावसाळ्यात तो अडगळीत जातो आणि एक वेळची डाळ उन्हात शिजवून धुराचे आजार टळत नाहीत. भाकरीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. काचेचे झाकण आणि ऊन आत वळवणारा आरसा असलेल्या पेटीच्या कुकरमधील तापमान साधारण १०० ते १२५ अंशांपर्यंत जाते. तेवढ्यात डाळ शिजते, पण भाकरीला तापलेला तवा आणि फुगायला आच लागते. फोडणीचेही तेच.

मात्र डाळ, हरभरा, भात यांना आचेपेक्षा वेळ हवा असतो आणि चुलीपुढचा बराचसा वेळ याच शिजवण्यात जातो. सोलापुरात आमच्या गच्चीवर मी साडेनऊला काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ नेहमीपेक्षा थोड्या कमी पाण्यात ठेवतो, अकराला पेटी उन्हाकडे वळवून आरसा पुन्हा लावतो आणि साडेबाराच्या सुमारास डाळ बोटाने चेपली जाते. मधे ढवळावे लागत नाही, करपण्याची भीती नाही. (पहिल्या कुकरच्या झाकणाची रबरी पट्टी ताठर होऊन फट पडली होती, महिनाभर मी दोष ढगांना देत होतो.) सकाळीच भाकरी बांधून शेतावर जाणाऱ्या बाईला मात्र याचा उपयोग फार तर संध्याकाळच्या डाळीपुरता, हे आपले म्हणणे मी खोडणार नाही.

आरोग्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुलीच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. पण धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मे होत नाहीत, कारण उरलेला धूरही फुप्फुसांना आणि हृदयाला पुरेसा घातक असतो. म्हणून जिथे सकाळ-संध्याकाळ चूलच पेटते, तिथे एकटा सौर कुकर आरोग्याचा प्रश्न सोडवत नाही. त्याचे खरे काम मला दिसते ते गॅस आलेल्या, पण सिलिंडर महाग पडतो म्हणून महिन्यातील काही दिवस पुन्हा सरपणाकडे वळणाऱ्या घरांत. तिथे डाळ-भात उन्हावर गेला तर १४.२ किलोचा सिलिंडर जास्त दिवस पुरतो, भाकरी आणि फोडणी गॅसवर होते, चूल पेटवण्याची वेळ कमी येते आणि तेवढे सरपण वाचते.

पावसाळ्याला उत्तर नाही. जून ते सप्टेंबर गॅसच. शिर्डीच्या प्रसादालयातसुद्धा, जिथे २००९ मध्ये छतावर ७३ अंतर्वक्र परावर्तक बसवून त्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला, गॅसवरचा बॉयलर जोडीला ठेवलेला होता.

माझ्या लेखात ‘संपूर्ण स्वयंपाक उन्हावर’ असे शब्द होते. ते काढून आज मी ‘उन्हाळ्या-हिवाळ्यातील डाळ-भात आणि कडधान्ये’ असे लिहिले आहे.