गोल्डमन सिनेमाने वाया गेला?

तुमची प्रतिक्रिया कळकळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं, की विल्यम गोल्डमनसारखा कादंबरीकार हॉलिवूडच्या पैशामागे लागून वाया गेला आणि मी लेखात त्याच्या पटकथांना नको तेवढं डोक्यावर घेतलं.

पैसा त्याला मिळाला, भरपूर मिळाला. 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'ची पटकथा ४ लाख डॉलरना गेली, त्या काळी हा आकडा डोळे फिरवणारा होता. पण तारखा बघा. तो चित्रपट १९६९चा. 'द प्रिन्सेस ब्राइड' ही कादंबरी १९७३ची, 'मॅरेथॉन मॅन' १९७४ची, 'मॅजिक' १९७६ची. आज लोक त्याला ज्या कादंबऱ्यांमुळे ओळखतात, त्या सगळ्या हॉलिवूडमध्ये नाव झाल्यानंतरच्या. मग सिनेमाने कादंबरीकार मारला, हे कसं मानायचं?

आणि पटकथा म्हणजे हलकं काम, हे तर मुळीच पटत नाही. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' हा चित्रपट घ्या. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट घोटाळ्याचा शेवट काय झाला, हे अमेरिकेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गोल्डमनने मूळ पुस्तकाचा उत्तरार्ध सरळ बाजूला ठेवला. हा घोटाळा खणून काढणारे पत्रकार वुडवर्ड आणि बर्नस्टीन निक्सनचा खास सहकारी हॉल्डमन याच्यावरच्या बातमीत चुकतात, तोंडघशी पडतात आणि तिथेच त्याने गोष्ट आवरती घेतली. टीव्हीवर निक्सन पुन्हा शपथ घेतोय, मागे हे दोघं मान खाली घालून टाइप करताहेत. निक्सनचा राजीनामा येतो तो टेलिप्रिंटरच्या एका ओळीत. गोष्ट कुठे सोडायची, ही जाण कादंबरीकाराचीच.

एक मात्र खरं, १९८६च्या 'ब्रदर्स'नंतर त्याने कादंबरी लिहिली नाही आणि तो २०१८पर्यंत होता. याची हळहळ मलाही वाटते. पण त्याचं कारण पैसा, असं मी म्हणणार नाही. 'द प्रिन्सेस ब्राइड'चे चित्रपट-हक्क स्टुडिओकडे अडकून पडले, तेव्हा ते त्याने पदरचे पैसे घालून परत घेतले. १९८७मध्ये चित्रपट आला तेव्हा पटकथाही त्याचीच होती. कादंबरीत निवेदक गोष्ट मध्येच थांबवून वाचकाशी बोलतो. ते पडद्यावर आणायला त्याने आजारी नातवाला पुस्तक वाचून दाखवणारा आजोबा घातला. कादंबरी वाचून मग चित्रपट बघा, आणि तुमचं मत तेव्हाही हेच राहिलं तर जरूर लिहा.