एकाच रकान्यात दोन शब्द

आज लेकीच्या जात पडताळणीसाठी गेलो होतो. पहाटेच्या एसटीनं निघालो, पोरगी सोबत. बारावी झालीय, नर्सिंगला जायचंय तिला. टेबलापलीकडच्या माणसानं माझ्या आजाच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरच्या उताऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं ख्रिस्ती लिहिलंय. मग तुम्ही आदिवासी कसे?"

मला काही सुचेना. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मागच्या रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "जाऊ दे भाऊ, नियम शे त्यास्ना."

नाही, तसा नियम नाहीये!

उतारा 1947 चा आहे. तेव्हा आमचा भाग पश्चिम खान्देश जिल्ह्यात होता. 'धर्म व जात' या एकाच रकान्यात मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी ठळक अक्षरात लिहिलंय, "ख्रिस्ती भिल्ल". लिहिताना त्यांचा हात अडला नाही. देश स्वतंत्र होत होता, घटना अजून व्हायची होती, आणि एका खेड्यातल्या मास्तरांना जे कळत होतं ते आज संगणकासमोर बसलेल्या माणसाला कळत नाही?

पुढं तीन वर्षांनी, 6 सप्टेंबर 1950 ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला, घटनेच्या 342 व्या कलमाखाली. त्यात धर्माची अट नाही. महिनाभर आधी अनुसूचित जातींचा आदेश निघाला होता, त्यात आहे. शिखांना 1956 ला आत घेतलं, बौद्धांना 1990 ला. चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसणारा दलित ख्रिस्ती भाऊ आजही बाहेर आहे. त्याचं दुःख माझ्याहून मोठं, हे मी जाणतो.

पण आमच्या बाबतीत तर कागद स्वच्छ आहे. आणि घटना लिहिणाऱ्यांत कोण होतं? जयपालसिंग मुंडा. ख्रिस्ती आणि आदिवासी. 1928 ला ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कप्तान. त्यांनी संविधान सभेत सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका. त्यांना कुणी विचारलं असतं का, तुम्ही आदिवासी कसे?

बोगस दाखल्यांचा सुळसुळाट आहे, पडताळणी हवीच. त्या बोगसांनी जागा खाल्ल्या त्या आमच्याच. सुप्रीम कोर्टानं 2004 ला म्हटलं की धर्म बदलला म्हणून जमात सुटत नाही, पण रीतिरिवाज पार सोडलेत का ते बघावं लागेल. बरं, बघा. घरी या. आमच्याकडे अजून देज ठरतं, म्हणजे नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची रक्कम. पाच माणसं बसल्याशिवाय लग्न जुळत नाही.

आजाला मी पाहिलंय. उपकारस्तुतीच्या रविवारी तो नव्या ज्वारीची पहिली कणसं टोपलीत घालून चर्चला न्यायचा, एका काखेत कोंबडा. उपासना झाली की अंगणात लिलाव. स्वतः आणलेला कोंबडा स्वतःच चढ्या बोलीनं सोडवायचा आणि खुशीत घरी यायचा. पहिलं पीक आधी देवाला, ही रीत त्याच्या बापाचीच. तेव्हा देव डोंगरावरचा होता, एवढाच फरक. आजा प्रार्थनाही भिल्लीतच करायचा.

आता आपल्या चर्चवाल्यांनाही बोलतो, राग येऊ द्या. बाहेरून येणारे काही प्रचारक व्यासपीठावरून आमच्या वाडवडिलांना सैतानाचे पूजक म्हणतात आणि आपण 'आमेन' म्हणतो. का म्हणतो? पंचविसाव्या कलमानं धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क दिलाय. दुसऱ्याच्या आजाला शिव्या द्यायला नाही. तो टेबलावरचा माणूस आणि हे प्रचारक एकच गोष्ट सांगतात, दोन शब्दांतला एक खोडा.

मी खोडणार नाही. मास्तरांनी लिहिलंय ते तसंच राहील.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. दक्षता पथक घरी येईल म्हणालेत. कुलदैवत, लग्नातले विधी, मयतीची रीत, सगळं विचारतील. 2023 ला कोर्टानं सांगितलंय की या प्रश्नांच्या उत्तरांवरच सगळा निकाल लावता येत नाही. तरी पोरगी तयारीला लागलीय. आत्ता ओट्यावर माझ्या आईजवळ बसून लग्नातली गाणी वहीत उतरवून घेतेय. आई मध्येच एखादं उपासनेचं गीत म्हणायला लागते. पोरगी तेही त्याच पानावर लिहून घेते.