‘हायवेवर पायी चालणाऱ्याचं काय काम?’ : अण्णांनी पाठवलेल्या मेसेजला उत्तर

परवा सकाळी साडेसहाला अण्णांचा मेसेज आला. एक लांबलचक फॉरवर्ड, आणि खाली त्यांची स्वतःची ओळ : ‘शंभर टक्के खरं आहे. सगळ्यांनी वाचा.’ अण्णा म्हणजे माझे वडील. वय त्र्याहत्तर, मुक्काम सातारा. हाच मेसेज त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा, ऑफिसच्या ग्रुपवर एकदा आणि भिशीच्या ग्रुपवर (का, ते देवच जाणे) एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी अंगठा वर करून सोडून दिलं. अण्णांनी पाठवल्यावर मात्र राहवेना. का, ते पुढे येईलच.

ज्यांच्या नशिबाने तो अजून आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हायवेवरच्या चौकांची सुधारणा करताना लोकांना विचारत बसू नका, असा त्याचा एकूण सूर. एक, पुण्याचा चांदणी चौक सहा वर्षं रखडला तो नागरिकांच्या हरकती-सूचनांमुळे. दोन, चीनमध्ये 43 तासांत पूल होतो, कारण तिथे कोणाला विचारत नाहीत. तीन, हायवेवर पायी चालणाऱ्याचं काय काम, त्यांच्या सोयीवर पैसे घालवू नका. चार, दोन लेन वाढवा, एक पूल जास्तीचा टाका, कोंडी कायमची संपेल. पाच, सामान्य माणसाला वाहतुकीतलं काय कळतं, तज्ज्ञांना त्यांचं काम करू द्या. शेवटी तिरंगा आणि हात जोडलेले.

चीनपासून सुरुवात करते, कारण ते लवकर आटपेल. 43 तासांची गोष्ट खरी आहे. बीजिंगमधला सान्युआन पूल, नोव्हेंबर 2015. फक्त तिथे नवा पूल ‘बांधला’ नव्हता. जुन्या पुलाचा वरचा भाग उचलून त्याच खांबांवर नवा ठेवला, आणि तो नवा भाग शेजारी आधीच तयार करून ठेवला होता. म्हणजे लग्न अर्ध्या तासात लागलं म्हणून मुलगी बघण्यापासून सगळं अर्ध्या तासात झालं, असं म्हणण्यातला प्रकार. तसं बघितलं तर चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या रात्री एक वाजता काही सेकंदांत उडवला. 600 किलो स्फोटकं वापरली. एवढं करूनही त्याचे काही भाग तसेच उभे राहिले आणि पुढचं यंत्रांनी पाडावं लागलं, पण त्याच दिवशी महामार्ग पुन्हा सुरू झाला. मग आपणही मिरवायचं का, ‘पुण्यात पूल सेकंदात’ म्हणून?

आता सहा वर्षं. भूमिपूजन ऑगस्ट 2017, उद्घाटन 12 ऑगस्ट 2023. हिशेब बरोबर आहे, सहा वर्षं लागली. पण ती कुठे गेली? सगळ्यात जास्त वेळ जमीन ताब्यात यायला गेला, मध्ये कोरोना आला. जमीनमालकाने मोबदल्यावरून घासाघीस करणं म्हणजे ‘नागरिकांच्या सूचना’ नव्हेत. तुमची गुंठाभर जागा रॅम्पखाली जाणार असेल तर तुम्हीही घासाघीस कराल, आणि करावीच. महामार्गासाठी जमीन घेण्याचा कायदा 1956 चा. त्याच्या कलम 3-सी प्रमाणे हरकत घ्यायला अधिसूचनेपासून 21 दिवस मिळतात, तेही ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यालाच. त्या चौकातून रोज पायी जाणारी धुणंभांडीवाली मावशी, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, मुळशीहून भाजीचा टेम्पो आणणारा, यांना त्या कलमात जागाच नाही. ज्यांना कोणी विचारलंच नाही त्यांनी सहा वर्षं कशी अडवली?

उलट एक आठवण करून देते. ऑगस्ट 2022 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री साताऱ्याकडे जाताना याच चौकात कोंडीत अडकले होते. तिथल्या लोकांनी त्यांना गाठून गाऱ्हाणं घातलं, आणि मग यंत्रणा जी हलली ती पुढच्या पाच-सहा आठवड्यांत पूल पाडण्यापर्यंत. लोक बोलले म्हणून काम थांबलं की धावलं, तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र मान्य करते, थोडं नाखुशीनेच. लोकांच्या बैठका हा काही पवित्र प्रकार नसतो. मी दोन-तीनदा बसले आहे. पहिली वीस मिनिटं आभार, मग एक जण आपल्या दुकानासमोर रॅम्प उतरावा म्हणून भांडणार, दुसरा आपल्या सोसायटीसमोर उतरू नये म्हणून. पार्किंगवरून हमरीतुमरी होते, चहा येतो, आणि चहा झाल्यावर निम्मे लोक गायब. मेसेज लिहिणाऱ्याने अशी एखादी बैठक बघितली असेल तर त्याचा वैताग मला समजतो.

पण तिसरा मुद्दा मी सोडणार नाही. ‘हायवेवर पायी चालणाऱ्याचं काय काम.’

2023 ची दिवाळी. चौक नवा होऊन बरोबर तीन महिने झाले होते. अण्णा साताऱ्याहून मुंबईच्या गाडीने आले. ती गाडी शहरात शिरत नाही, बायपासने जाते आणि चांदणी चौकात उतरवते. उतरवते ती मुळशीच्या बाजूला. आमचं घर कोथरूडच्या बाजूला. मी स्कूटर घेऊन अलीकडे उभी, अण्णा पलीकडे, आणि मध्ये सुसाट हायवे. संध्याकाळचे सव्वासात, अंधार पडलेला. समोरून येणाऱ्या दिव्यांमुळे मला त्यांचा फक्त पांढरा शर्ट दिसत होता, तोही ट्रक गेला की नाहीसा व्हायचा. मी फोनवर ओरडतेय, ‘अण्णा, तिथेच थांबा, मी वळसा घालून येते.’ ते म्हणतात, ‘काय?’ त्यांच्यापुढे एक जोडपं होतं. त्यातल्या मुलाने चाकांची बॅग डोक्यावर घेतली, दोघं पळत दुभाजकापर्यंत आले, बॅग पलीकडे टाकली आणि स्वतः चढून उतरले. त्यांच्यामागे माझे वडील. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आईने दिलेला चकल्यांचा डबा. दुभाजकावर डबा आपटला. घरी येऊन उघडला तर अर्ध्या चकल्यांचा चुरा. अण्णा म्हणाले, ‘भेळेत चालेल.’ मी त्या रात्री जेवले नाही.

असा तो पायी चालणारा. त्याला हायवेवर चालायची हौस नव्हती. गाडीने त्याला जिथे उतरवलं आणि त्याला जिथे जायचं होतं, त्यांच्या मध्ये हायवे आला होता. नव्या चौकात गाड्यांसाठी रॅम्प होते, सर्व्हिस रोड होते, बातम्यांप्रमाणे सगळं मिळून 17 किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि 865 कोटींचा खर्च होता. चालत पलीकडे जायला वाट नव्हती. पादचारी पुलाचा विषय मागाहून आला. दिवाणखाना सजवून झाल्यावर दार ठेवायचं राहिलं हे लक्षात यावं, तसा.

मेसेजवाल्याचा इथे आणखी एक घोटाळा झाला आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पादचाऱ्यांना बंदी आहे, दुचाकीलाही आहे, आणि ते योग्यच. पण चांदणी चौकातून जाणारा हायवे म्हणजे कात्रज-देहूरोड बायपास, तो एक्स्प्रेसवे नाही. त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे, शाळा आहेत, थांबे आहेत. एकाचा नियम दुसऱ्याला लावून ‘चालणारेच चुकीचे’ म्हणायला काय जातंय?

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, तज्ज्ञांचंच गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे या देशात रस्ता कसा बांधायचा याचे मानदंड ठरवणारी संस्था. तिचं 103 क्रमांकाचं मार्गदर्शक पुस्तक फक्त पादचाऱ्यांच्या सोयींवर आहे. त्यात एक साधा हिशेब दिला आहे : गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसं मोजा, त्या तासातल्या गाड्या मोजा, गाड्यांच्या आकड्याचा वर्ग करा आणि त्याला माणसांच्या आकड्याने गुणा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर उत्तर 20 कोटींच्या वर गेलं, की तिथे ओलांडायची नियंत्रित, रीतसर सोय हवी. आता समजा, तासाला 4000 गाड्या धरल्या. बायपासवर कधी उभे राहिला असाल तर हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. 4000 चा वर्ग 1 कोटी 60 लाख. 20 कोटींना त्याने भागा. उत्तर साडेबारा.

म्हणजे तासाला तेरा माणसं. तेरा माणसं ओलांडत असतील तर सोय द्या, असं रस्तेवाल्यांचंच पुस्तक म्हणतं. सणाच्या संध्याकाळी एकेका गाडीतून तेवढी उतरतात. एक बस आणि दोन वडाप (माणसं भरून नेणाऱ्या जीप) धरलीत तर हिशेब करायचीही गरज नाही.

गाड्यांचा वर्ग का, हेही सांगते, कारण त्यातच सगळं आलं. गाड्या वाढतात तशा दोन गाड्यांमधल्या फटी नुसत्या कमी होत नाहीत, माणसाला निसटता येईल एवढी फटच उरत नाही. माणूस थांबतो, आणखी थांबतो, आणि शेवटी कंटाळून नको त्या फटीत घुसतो. ‘लोक बेशिस्त आहेत’ हे वाक्य इथेच जन्माला येतं. कानाला फोन लावून रमतगमत हायवे ओलांडणारे महाभागही मी बघितले आहेत, नाही असं नाही. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात रस्त्यावर मेलेल्या 1,68,491 माणसांपैकी 32,825 पादचारी होते. रोजचे जवळजवळ नव्वद. हे सगळे फोनवर बोलत होते का?

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. लेन वाढवून कोंडी कायमची संपली असती तर अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे आज रिकामा दिसला असता. काही ठिकाणी 26 लेन रुंद आहे तो. 2008 मध्ये रुंदीकरण पूर्ण झालं, 280 कोटी डॉलर गेले, आणि 2011 ते 2014 या तीन वर्षांत संध्याकाळचा प्रवास निम्म्याहून जास्त लांबला. रस्ता मोठा झाला की आणखी लांब घरं घेतली जातात, आणखी गाड्या येतात. चांदणी चौकातली ती जुनी, जीव नकोसा करणारी कोंडी आता उरलेली नाही हे मी मान्य करते, मीच रोज जाते तिथून. पण सकाळी नऊला हिंजवडीच्या दिशेने निघून बघा. कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसली आहे.

राहता राहिलं ‘सामान्य माणसाला काय कळतं’.

आमच्या भागातल्या काही जणांनी चौकाचा नकाशा मोठा छापून घेतला आणि सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावर पसरला. रंगीत पेन आणायचे राहिले होते. मग एका काकूंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. ‘जिथून तुम्ही खरं ओलांडता तिथे एक लावा. जिथून ओलांडायला पाहिजे तिथे नको.’ स्वयंपाकाला येणाऱ्या दोघीजणी, वॉचमन, कॉलेजातली मुलं, रिक्षावाले, सगळ्यांनी लावल्या. तासाभरात निम्म्याहून जास्त लाल टिकल्या एकाच जागी दाटल्या होत्या, कठड्याचा एक तुकडा निघालाय तिथे. चौकातल्या मध्यवर्ती भागात एकही नाही. वडापावची गाडी लावणाऱ्या बाईंनी लगेच सांगितलं, ‘तिथेच ना, गाड्या तिथेच थांबतात. पुढे उतारावर थांबल्या तर मागचा ठोकतो.’ म्हणजे पादचारी पूल नकाशात शोभेल अशा मधोमध टाकला तर कोणी वापरणार नाही, आणि पुन्हा मेसेज येईल : ‘बघा, पूल दिला तरी लोक खालूनच जातात.’ वाहनगणतीला बसवलेली मुलं चाकं मोजतात. पाय मोजायला त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

उताराचं म्हणाल तर याच बायपासवरचा नवले पूल आहेच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली येणारा तो लांब उतार धोक्याचा आहे, हे नऱ्हे-वडगावातलं शेंबडं पोरही सांगेल. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका ट्रकने एकामागून एक कितीतरी वाहनांना ठोकरलं. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं. अवजड गाड्या त्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडतात ही गोष्ट तिथल्या चहावाल्याला माहीत होती. रचनाकाराला ती कोण सांगणार?

तज्ज्ञ नकोत असं मी कुठेच म्हणत नाहीये. रॅम्पचं वळण किती अंशांचं, खांबावर भार किती, सांधा कुठे द्यायचा, हे मी कोण सांगणार. पण कोण कुठे उतरतं, कुठून पळतं, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, कोणता दिवा महिनोन्‌महिने बंद आहे, हे नकाशा कागदावर असतानाच विचारायला काय हरकत आहे? काँक्रीट ओतल्यावर विचारण्यात काय अर्थ?

हे सगळं अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. मध्ये दोनदा ‘हं’ म्हणाले. चकल्यांच्या जागी हसले. मग म्हणाले, ‘एवढं लांब ग्रुपवर कोण वाचणार?’ आणि थोडं थांबून, ‘त्या तेरा जणांत मला धरलंयस ना?’