आयत्या बिळातली युव्हेंटस

आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा आलेला मेसेज असा आहे: ‘इटलीत बायकांचा फुटबॉल युव्हेंटसनं 2017 साली सुरू केला. शून्यातून संघ उभा केला आणि पहिल्याच वर्षी लीग मारली. युव्हेमुळेच तिथल्या मुली व्यावसायिक झाल्या. तरी बघायला कुत्रं जात नाही, एकदा 39 हजार आले ते तिकीट फुकट होतं म्हणून.’ खाली क्लबाच्या रंगांचे, एक काळं आणि एक पांढरं बदाम.

मीही युव्हेवालाच, म्हणजे तुरिन शहराच्या या क्लबाचा चाहता. म्हणून जास्त लागलं. आपल्या क्लबाचं कौतुक करायला दुसऱ्यांचा इतिहास पुसावा लागत असेल, तर ते कौतुक कच्चं आहे.

‘शून्यातून’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. नवा संघ काढला की खालच्या डिव्हिजनपासून चढत यावं लागतं. युव्हेंटस 2017 च्या उन्हाळ्यात थेट सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरली. कशी? तुरिन ज्या प्रांतात आहे त्या पिएमोंतेमधल्याच कुनेओच्या महिला संघाची वरच्या लीगमधली जागा तिनं घेतली. इटलीत हे नियमाला धरून होतं, त्यात चोरीमारी काही नाही. पण आपण मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतो, शून्य म्हणत नाही.

आता खेळाडू बघा. सारा गामा, बार्बरा बोनान्सेआ, मार्तिना रोसुच्ची, चेचिलिया साल्वाई. पहिल्या वर्षीचा हा कणा आला कुठून? ब्रेशियाहून. ब्रेशियाचा महिला संघ 2014 आणि 2016 साली इटलीचा विजेता होता. त्याच्यामागे पुरुषांच्या कुठल्याही बड्या क्लबाची तिजोरी नव्हती. प्रशिक्षक रिता ग्वारिनो तर इटलीच्या 17 वर्षांखालच्या मुलींच्या संघासोबत काम करून आलेल्या. म्हणजे पीठ मळलेलं होतं, तवाही तापलेला होता. युव्हेनं पोळी भाजली. छान भाजली, ते मान्य.

आणि त्या ‘पहिल्याच वर्षी मारलेल्या’ लीगचा शेवट मेसेजवाल्याला माहीतच नसावा. 2017-18 च्या हंगामाअखेर युव्हे आणि ब्रेशिया यांचे गुण सारखे झाले. विजेता ठरवायला मे 2018 मध्ये नोव्हाराला एक निर्णायक सामना झाला आणि तो गेला पेनल्टींवर. विचार करा, ज्या संघातून चार-पाच मोहरे उचलले, तोच संघ उरलेल्यांना घेऊन पेनल्टीपर्यंत झुंजला. युव्हे जिंकली. काही आठवड्यांतच ब्रेशियानं आपली सेरी आ मधली जागा एसी मिलानला देऊन टाकली. आज मिलानच्या महिला संघाचं वय विचारलं तर 2018 पासून मोजतात. ब्रेशियाचं नाव कोण काढतं? पुढच्याच मोसमात क्रिस्तियाना जिरेल्लीही तिथूनच युव्हेकडे आली.

‘2017 साली सुरू केला’ हे तर इतकं चूक आहे की उत्तर देताना लाज वाटते. इटलीत महिलांची पहिली राष्ट्रीय लीग 1968 साली झाली, जेनोव्हानं जिंकली. पुढची पन्नास वर्षं विजेत्यांच्या यादीत पुरुषांच्या बड्या क्लबांपलीकडची कितीतरी नावं येतात: दक्षिणेतलं त्रानी, आइस्क्रीमवाल्या प्रायोजकाचं नाव मिरवणारं अलास्का लेच्चे, सार्डिनिया बेटावरच्या सास्सारीचा तोर्रेस. एकट्या तोर्रेसच्या नावावर सात किताब आहेत, त्यातले शेवटचे चार 2010 ते 2013 ओळीनं. 1991 साली महिलांच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकात स्पर्धेतली पहिली हॅटट्रिक मारली ती इटलीच्या कारोलिना मोराचेनं. युरोपियन स्पर्धेत इटलीच्या मुली 1993 आणि 1997 मध्ये अंतिम फेरीत होत्या. हे सगळं युव्हेच्या आधीचं.

त्याच्याही मागे जायचं तर 1933 चं मिलान शहर. काही तरुण मुलींनी फुटबॉलचा गट काढला. परवानगी मिळाली ती अटींसह. खेळायचं स्कर्ट घालून, चेंडू जमिनीलगतच ठेवायचा, आणि गोलकीपर मुलगा असेल. पोटावर चेंडू बसला तर पुढे मूल होणार नाही, ही भीती. एवढ्या अटी पाळूनही त्याच वर्षी फॅसिस्ट राजवटीनं तो खेळ बंद पाडला. ‘सुरू कुणी केलं’ विचारायचं असेल तर या मुलींचा नंबर आधी लागतो.

व्यावसायिकतेचा मुद्दा. इटलीत 1981 च्या कायद्यानं कोणता खेळ व्यावसायिक मानायचा हे त्या त्या क्रीडा महासंघावर सोडलं. महिलांच्या एकाही खेळाला तो दर्जा कुणी दिला नाही. त्यामुळे राष्ट्रीय संघाची कर्णधारसुद्धा कागदावर हौशी. नोकरीचा करार नाही, पेन्शनची हक्काची वर्गणी नाही, मानधनाला वर्षाला तीस हजार युरोंच्या जरा वर मर्यादा. हे बदललं 1 जुलै 2022 रोजी, इटालियन फुटबॉल महासंघाच्या निर्णयानं. त्यामागे खेळाडूंनी कित्येक वर्षं लावलेला रेटा होता. 2019 च्या विश्वचषकात इटलीनं उपांत्यपूर्व फेरी गाठल्यावर तो टाळणं अवघड झालं. त्या संघात युव्हेच्या मुली भरपूर होत्या, एवढं श्रेय क्लबाला द्या.

पण तारखा जुळवून बघा. युव्हेनं 2018 ते 2022 ओळीनं पाच किताब घेतले, त्यात 2020-21 ला तर 22 पैकी 22 सामने जिंकले. हे पाचही किताब कायद्यानं हौशी असलेल्या मुलींनी जिंकले. आणि व्यावसायिक युगाचा पहिला हंगाम? तो रोमानं नेला. दुसराही रोमानंच. युव्हे परत विजेती झाली ती 2025 मध्ये.

राहिला गर्दीचा टोमणा. 24 मार्च 2019, युव्हे विरुद्ध फिओरेन्तिना, 39,027 प्रेक्षक, प्रवेश मोफत. हे खरंच आहे. पण फुकट म्हणून रविवारी मुलाबाळांना घेऊन कुणी काहीही बघायला जात नाही. मार्च 2023 मध्ये रोमाच्या ऑलिंपिको मैदानात बार्सिलोनाविरुद्धच्या सामन्याला 39,454 लोक आले आणि तो आकडा मोडला. आणि खुद्द तुरिनमध्येच, जुलै 1970 मध्ये, वर्मूथ नावाची वाइन बनवणाऱ्या एका कंपनीनं पैसे घातलेल्या अनधिकृत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. डेन्मार्कनं इटलीला 2-0 हरवलं. प्रेक्षक चाळीस हजारांच्या घरात सांगतात. युव्हेचा महिला संघ जन्मायला तेव्हा 47 वर्षं होती.

एरवीच्या लीग सामन्यांना गर्दी तुरळक असते, यात मी भांडणार नाही. फक्त मैदान कुठलं ते विचारा. सुरुवातीची वर्षं या मुली विनोव्होला, क्लबाच्या सराव केंद्रातल्या छोट्या मैदानावर खेळल्या. नंतर त्यांचं घर झालं बिएला, दुसऱ्याच जिल्ह्यातलं गाव. तुरिनमधल्या माणसाला आपल्याच शहराचा संघ बघायचा तर गाडी काढून शहराबाहेर जावं लागतं.