वेरूळकरांना पर्यटक नकोत, हे कोणी ठरवले?

‘पर्यटनस्थळी राहणाऱ्यांचा कृतघ्नपणा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद भागातल्या लोकांना पर्यटकांचा पैसा हवा, पण पर्यटक नकोत; घरबसल्या कमाई होते, वेरूळ-अजिंठा महोत्सवाचा लाभ मिळतो, तरीही वर्षातून एखाद्या दिवसाची गर्दी त्यांना सोसवत नाही; शिवाय ते पाहुण्यांना लुटतात आणि विकासाच्या आड येतात, असे त्यात म्हटले आहे. पुण्याच्या आतेभावाने तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि वेरूळला 30 वर्षे चहाचे हॉटेल चालवणाऱ्या माझ्या काकांनी तो मला वाचून दाखवला. पूर्ण वाचून होण्याआधीच त्यांनी फोन बाजूला ठेवला, म्हणून हे लिहीत आहे.

‘एखाद्या दिवसाची गर्दी’ हे विधान ज्याने केले, त्याने आमचे वर्ष कधी मोजलेले नाही. श्रावणातले सोमवार घृष्णेश्वराचे आणि शनिवार भद्रा मारुतीचे. महाशिवरात्र, हनुमान जयंती, खुलताबादचा उरूस. दिवाळीची सुट्टी, मग डिसेंबरभर शाळांच्या सहली आणि पावसाळ्यात घाटातली हिरवळ पाहायला येणाऱ्या गाड्या. यातली बहुतेक वाहने छत्रपती संभाजीनगर शहराकडून येताना दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून जातात. तो दरवाजा किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीचा आहे आणि त्यातून एका वेळी एकच मोठे वाहन निघते. समोरून एस. टी. आली की मागची रांग पार सीताफळे आणि पेरू विकणाऱ्यांच्या टोपल्यांपर्यंत येऊन थांबते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी शेजारच्या वहिनींना बाळंतपणासाठी घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी रुग्णालयात, न्यायला सांगितले. त्या रुग्णवाहिकेत मी होतो. दरवाजाच्या अलीकडे आम्ही पाऊण तास अडकलो. सलाईनची बाटली त्यांच्या सासूबाई हातात उंच धरून बसल्या होत्या. हात भरून आला की बाटली मी घ्यायचो. शेवटी चालक आणि मी खाली उतरलो आणि एकेका गाडीवाल्याला विनंती करून गाड्या मागे घ्यायला लावल्या. त्यातल्या एकानेही नकार दिला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. माणसे वाईट नव्हती. रस्त्याची कसलीही व्यवस्था नव्हती. मोठ्या सणांना वाहने कसाबखेडा फाट्याकडून वळवली जातात, पण तो दिवस सणाचा नव्हता. आम्ही तक्रार करतो ती याची, आणि तिला पर्यटकांचा द्वेष म्हणणे हा आमच्यावर अन्याय आहे.

घरबसल्या कमाईचा दावा तर तपासण्याच्याही लायकीचा नाही. लेण्यांच्या 40 रुपयांच्या तिकिटाचा पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो, ग्रामपंचायतीच्या नाही. महोत्सवाच्या नावात वेरूळ आहे, पण कार्यक्रम शहरातल्या सोनेरी महालात होतो आणि पाहुणे शहरातच मुक्काम करतात. 2023च्या फेब्रुवारीत जी-20 अंतर्गत डब्ल्यू-20ची, म्हणजे महिलांच्या गटाची, बैठक झाली, तीही शहरातच, आणि भिंती रंगल्या त्याही तिथल्याच.

विकासाच्या आड कोण येतो, हे पाहायचे असेल तर 1958चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली 2010ची दुरुस्ती वाचावी. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते, आणि 100 मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा परवानगीशिवाय होत नाही. माझ्या बहिणीचे सासर दौलताबादला, तटबंदीच्या आत आहे. तिच्या स्वयंपाकघराचे छत गळते आणि पावसाळ्यात चुलीशेजारी पातेले ठेवावे लागते. हा कायदा हवाच. तो नसता तर किल्ल्याभोवती आज मोकळी जागा उरली नसती. पण ज्यांनी या वारशासाठी आपल्या घराची वाढ थांबवली आहे, त्यांना कृतघ्न म्हणण्याआधी लिहिणाऱ्याने थोडा विचार करायला हवा होता.

लुटीबद्दल मात्र काही गोष्टी नाइलाजाने मान्य कराव्या लागतात. पार्किंगला वाटेल तो दर सांगणारे, पाहुण्याच्या मागे मागे फिरून माळा आणि मूर्ती गळ्यात मारणारे लोक आमच्यात आहेत आणि त्यांची लाज आम्हालाही वाटते. काकांनी अशा दोघांना हॉटेलासमोर उभे राहू देणे बंद केले आहे. परंतु चार जणांच्या वागण्यावरून तीन गावांचा स्वभाव ठरवता येत नाही.

आतेभावाला मी हे सगळे कळवले आहे. त्याने संदेश काढून टाकलेला नाही, पण तो कोणाकडून आला हे विचारून सांगतो, असे म्हणाला आहे. दरम्यान डिसेंबर जवळ आला आहे आणि शनिवार-रविवारी दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पोलीस नेमावेत, असा अर्ज आम्ही गावातून लिहून तयार ठेवला आहे. त्यावर पहिली सही काकांची आहे.