विधानसभा बघायचीय? मग घाई करा

ज्या इंदूरकरांना आपली मध्य प्रदेशची विधानसभा एकदा डोळ्यांनी बघायची हौस आहे, त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

अधिवेशनाच्या जाहीर तारखा मनावर घेऊ नका. ऑगस्ट २०२१ मधलं चार दिवसांचं अधिवेशन दुसऱ्याच दिवशी आटोपलं. २०२४ मध्ये १ ते १९ जुलै ठरलं होतं. ३ तारखेला ३ लाख ६५ हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला आणि ५ तारखेला मंडळी घरी. आमच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च मंजूर करायलासुद्धा याहून जास्त बैठका होतात, आणि भांडणं वेगळी.

गणपूर्तीची, म्हणजे बैठक चालायला लागणाऱ्या किमान हजेरीची, काळजी नको. २३० पैकी २३ पुरतात.

पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो, तो मात्र जपून ठेवा, आठवण म्हणून. परवा भाचीला प्रश्नोत्तराचा तास दाखवायला पहाटेच्या बसने भोपाळला नेलं. अरेरा टेकडीवर पोहोचलो तर फाटकावरचा शिपाई म्हणतो, “सदन तो स्थगित हो गया भाईसाहब, बिल्डिंग देख लीजिए.” बघितली. चार्ल्स कोरियांची इमारत देखणी आहे, आणि ती तहकूब होत नाही. शिफारस देणाऱ्यांच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, “भैया तो शादी में हैं.” गल्लीतल्या ड्रेनेजचा प्रश्न लावलाय म्हणाले होते, त्याचं काय? तर छापील उत्तर आलंय: ‘जानकारी एकत्रित की जा रही है.’ कुठून करताय एकत्रित, मंगळावरून? गल्लीत येऊन नाक उघडं ठेवा, दोन मिनिटांत होईल! आणि सभागृहच उठल्यावर मंत्र्याला उभं करून पूरक प्रश्न विचारणार कोण, तो शिपाई?

वरच्या सभागृहाकडे दाद मागायची असेल तर मुंबईच्या आत्याकडे जा. आपल्या विधान परिषदेची तरतूद घटनेत १९५६ सालीच झाली, परिषद तेवढी यायची राहिलीय.

‘अधिवेशन बोलावतात तरी का?’ असं विचारू नका. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर घटनेला चालत नाही, म्हणून.

परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर सदस्याची जागा रिकामी जाहीर करता येते, असंही घटनेत आहे. घाबरू नका. इथे वर्षभरात सदनच साठ दिवस बसत नाही, तर बिचारा गैरहजर राहणार कुठे?

पुरे झाली थट्टा. आपण आमदाराकडे मागतो काय? मुंजीला या, मंडळाच्या आरतीला या, बोर्डावर फोटो लावू द्या. रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत एकाने तरी विचारलंय का, की साहेब, सभागृहात किती दिवस बसलात, किती प्रश्न विचारलेत? २०२३ मध्ये जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा एकाच पक्षाला दिल्यात ना? मग या आमदारांना आपल्याच सरकारला प्रश्न विचारायची लाज वाटत असेल तर त्यांना तसं सांगायला लावा, तोंडावर. पुढच्या वेळी दारात आले की हार बाजूला ठेवा. आणि विरोधकांनो, तुम्हीही कमी नाही. सकाळी घोषणा, दुपारी सभात्याग, मग बाहेर कॅमेऱ्यापुढे भाषण. सरकारला तेच हवंय, एवढं कळत नाही? आत बसा की जरा!