हिवाळ्यात घर विकलं जात नाही म्हणे!

ते "हिवाळ्यात घर विकायला काढू नका, पडून राहतं, शेवटी भाव पाडून द्यावं लागतं" असं फॉरवर्ड फिरतंय ना, ते अर्धंच खरंय. थंडीत बघायला येणारे कमी होतात हे बरोबर, पण तेव्हा बाजारात घरंही कमी असतात, म्हणजे तुमच्या घराला स्पर्धा कमी, आणि कुडकुडत घर बघायला येणारा माणूस सहसा टाइमपास करायला आलेला नसतो, त्याची बदली झालेली असते नाहीतर भाड्याचा करार संपत आलेला असतो. "घेणाऱ्याला हमखास स्वस्तात मिळतं" हेही तसंच, घर बरेच महिने पडून असेल तर घासाघीस जमते, कालच लिस्ट झालेल्यावर कशाला कोण सोडेल.

घेणाऱ्याचा खरा फायदा वेगळाच आहे. खिडकीच्या फटीतून येणारं गार वारं, काचेवर आतून साचणारं पाणी, कोपऱ्यातली बुरशी, हीटिंग नीट चालतंय का, हे सगळं थंडीतच कळतं, उन्हाळ्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त बर्फ पडत असेल तिथे छप्पर नीट तपासता येत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत एसी चालवून बघू नका, कॉम्प्रेसर बिघडू शकतो, एसी नंतर बिघडलेला निघाला तर काय करायचं ते विकणाऱ्याशी आधीच लेखी ठरवून घ्या. आणि विकणाऱ्यांनो, दिवस लवकर मावळतो, फोटो दुपारीच काढा बाबा.